सोमवारचा फळा

माझ्या बोलण्याला धार आहे, असं मला लहानपणापासून लोक सांगत आले आणि मला ते कौतुक वाटत आलं. शनिवार पेठेत वाढलेल्या माणसाला तसं वाटणं साहजिक आहे. कुणाला सरळ 'तुमचं चुकलं' म्हणणं आमच्याकडे अगदीच अडाणीपणाचं समजत. तेच अशा बेताने म्हणायचं, की आजूबाजूच्यांना लगेच हसू यावं आणि ज्याचं चुकलं त्याला घरी गेल्यावर कळावं. ही विद्या घेऊन मी एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर झालो. म्हणजे हेल्मेट घाला, चष्मा लावा, मशीनपुढची संरक्षक जाळी खाली करा, असं दिवसभर सांगत हिंडणारा आणि कुणालाच नको असणारा माणूस.

कारखाना हडपसरच्या पुढे. गाड्यांचे पत्र्याचे पार्ट बनतात. सगळं काम पॉवर प्रेसवर. पायाने पट्टी दाबली की वरून ठोका येतो आणि साच्यात ठेवलेल्या पत्र्याला आकार मिळतो. साच्यात बोट राहिलं असेल तर बोटालाही मिळतो. हे वाक्यसुद्धा बघा. इतकं सगळं होऊन गेल्यावरही हात असाच चालतो माझा.

सेफ्टीच्या नेहमीच्या सूचना कोणी वाचत नाही, म्हणून मी माझ्या पाट्या लिहायला लागलो. 'हेल्मेट घालावे. आत काही असल्यास वाचेल.' 'हातमोजे कंपनी देते. हात देत नाही.' 'जाळी वर करून काम करणाऱ्यांनी डाव्या हाताने जेवण्याचा सराव आत्तापासून करावा.' लोक थांबून वाचायचे. बाहेरून पाहुणे आले की मशीनच्या आधी पाट्यांचे फोटो काढायचे. आमच्या मॅनेजरसाहेबांना त्याचा फार अभिमान. मलाही होता, खोटं कशाला बोलू.

सगळ्यात गाजला तो सोमवारचा फळा. गेटमधून आत आल्यावर, हजेरीच्या मशीनशेजारी, एक काळा फळा मी टांगून घेतला होता. मागच्या आठवड्यात कोणी काय गाढवपणा केला ते त्यावर सोमवारी सकाळी मी लिहायचो. नाव कधीच नसायचं. नावाची गरजही नसायची. ज्याच्याबद्दल असेल त्याच्याकडे सगळे आपोआप बघायचे. तोही हसायचा. तो हसतो म्हणजे त्याला पटलं, असं मी धरून चालायचो.

पाच नंबरच्या मशीनवर जवळच्या मांजरी गावचे एक गृहस्थ होते. चाळिशी ओलांडलेले, गावातली थोडी जमीन राहिलेली, थोडी बिल्डरकडे गेलेली. बोलणं कमी. एका गुरुवारी ते माझ्या दारात येऊन उभे राहिले.

"साहेब, मशीन डबल मारतंय. एकदा दाबलं की दोनदा येतंय खाली. हमेशा न्हाई. पन येतंय."

मी मेंटेनन्सच्या माणसाला पाठवलं. त्याने पंचवीस-तीस ठोके मारून बघितले. काही नाही. मशीन एका वेळी एकदाच खाली येत होतं. काही सापडलं नाही म्हणून त्याने नोंदही केली नाही. आणि सोमवारी मी फळ्यावर लिहिलं:

'पाच नंबरचे मशीन आपोआप खाली येते, असे एका ऑपरेटरचे म्हणणे आहे. मेंटेनन्सला तसे आढळले नाही. भुताटकीच्या तक्रारी सेफ्टी ऑफिसात स्वीकारल्या जात नाहीत. देवऋषी पाहावा.'

त्या दिवशी गेटपाशी गर्दी झाली होती. मॅनेजरसाहेबांनी फोटो काढून कंपनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. पुढे कितीतरी दिवस लोक त्या गृहस्थांना विचारायचे, "काय, आज आलं का भूत?" ते हसायचे.

साधारण दीड महिन्याने, शनिवारी, जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी, मी टेबलाशी बसलो होतो आणि शॉपमधला, म्हणजे मशीनच्या शेडमधला, आवाज थांबला. कारखान्यात आवाजाची सवय असते. तो थांबला की माणूस उठतोच. मी गेलो तेव्हा ते एका उलट्या टाकलेल्या पेटीवर बसले होते, कोणीतरी हाताला कापड गुंडाळून धरलं होतं, आणि ते माझ्याकडे बघून म्हणत होते, "साहेब, एकदाच दाबली व्हती पट्टी. एकदाच." उजव्या हाताची तीन बोटं गेली.

मशीन उघडलं तेव्हा क्लचमधली स्प्रिंग झिजलेली निघाली. कधी धरायची, कधी सोडायची. पंचवीस ठोक्यांत नाही सुटली, त्या शनिवारी सुटली.

चौकशीच्या फॉर्मवर एक रकाना असतो, की दोषाची पूर्वसूचना मिळाली होती का. मी हॉस्पिटलमध्ये त्यांच्या कॉटशेजारी उभं राहून विचारलं. त्यांनी छताकडे बघत सांगितलं, "न्हाई साहेब. आदी काय न्हवतं. सगळं ओके व्हतं." आणि मी, ज्याच्या दारात हा माणूस स्वतःच्या पायाने येऊन सांगून गेला होता, मी तिथे लिहिलं, 'ऑपरेटरने दोषाची पूर्वसूचना दिली नव्हती.' खाली सही केली. फळा तर कधीच पुसला गेला होता. ज्यांच्या मोबाइलमध्ये त्याचा फोटो होता त्यांपैकी कोणी काही बोललं नाही. सगळ्या मशीनच्या स्प्रिंग बदलल्या, माझ्या पाट्या उतरवल्या, फळाही काढला, ते गृहस्थ बरे होऊन स्टोअरमध्ये कामाला लागले, आणि कारखान्यात असं ठरून गेलं, की भुताची गंमत झाली ती झाली, पण मशीन पुन्हा बिघडल्याचं कळत होतं तरी ते गप्प बसले आणि स्वतःची बोटं घालवून बसले. त्यांची पहिली तक्रार खरी होती, हे मी कोणापुढेच कबूल केलं नाही.

वर्षभराने कंपनीने आम्हाला कोचिंग द्यायचं ठरवलं. कोचिंग म्हटल्यावर मला बारावीचे क्लास आठवले. आल्या त्या बाई माझ्या मुलीच्या वयाच्या होत्या. स्लाइड नाहीत, भाषण नाही. माझ्याबरोबर रोज तासभर शॉपमध्ये फिरायच्या आणि मी लोकांशी कसा बोलतो ते ऐकायच्या. काम करून घेणाऱ्यांनी ओरडायच्या ऐवजी विचारायला शिकायचं, हा त्यांचा सगळा धडा. नियम दोनच. 'आज इथे कशाने लागू शकेल?' असं विचारायचं आणि मनात दहापर्यंत मोजायचं, मध्ये बोलायचं नाही. आणि माणूस काहीही सांगो, आपलं पहिलं वाक्य, 'बरं झालं सांगितलंत.'

"आणि मूर्खासारखं काही सांगितलं तर?" मी विचारलं.

"तरीही."

"आणि धडधडीत खोटं सांगितलं तर?"

"तरीही सर. खरं-खोटं नंतर बघता येतं. आधी तो माणूस पुन्हा यायला हवा ना."

मी म्हटलं, बाई, ही वाक्यं आमच्या पेठेत कोणी उच्चारली तर त्याला बरं नाही असं समजतात. त्या हसल्या. पण फिरताना मला दिसू लागलं, की मी प्रश्न पुरा करायच्या आतच समोरचा म्हणतो, "सगळं ओके आहे साहेब." एकजात सगळे. अगदी तेच शब्द, मान खाली घालून, हात काम करतच. आठवडाभर हे ऐकल्यावर चहाच्या टपरीपाशी बाईंनी विचारलं, "सर, हे उत्तर यांना कोणी शिकवलं?"

मी म्हटलं, "भित्री आहेत माणसं."

त्या काही बोलल्या नाहीत. नुसत्या बघत राहिल्या. त्या मनात मोजतायत हे माझ्या लक्षात आलं आणि मला राग आला, कारण माझ्याच अंगावर माझाच धडा चालला होता. सात-आठपर्यंत मी दम धरला असेन. मग मी त्यांना गुरुवारची तक्रार सांगितली, फळा सांगितला, फॉर्मवरचा रकाना सांगितला. टपरीवर उभ्याउभ्या. चहा निवून गेला.

"बरं झालं सांगितलंत," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, "पण हे मला सांगून काय उपयोग?"

घरी, बिबवेवाडीला, बायकोजवळ मी हा विषय काढला. वाटलं होतं, ती म्हणेल, जाऊ द्या, झालं ते झालं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "अहो, घरात तरी तुम्हाला कोण काय सांगतं? मागच्या वर्षी माझ्या छातीत दुखत होतं ते मी आधी मुलीला सांगितलं."

"मला का नाही?"

"तुम्ही काहीतरी बोलला असतात," ती म्हणाली आणि निवडलेली भाजी घेऊन आत गेली.  त्या गृहस्थांना तोंड दाखवण्यापेक्षा त्या क्षणी मला स्वतःचीच जास्त भीती वाटली.

रविवारी सकाळी मांजरीला गेलो. एका बाजूला ऊस आणि दुसऱ्या बाजूला बारा मजली इमारती, मधल्या रस्त्यात त्यांचं घर. त्यांनी खुर्ची दिली, त्यांच्या मुलीने पोहे आणून ठेवले. ती कॉलेजात शिकते. तिने माझ्याकडे बघितलं नाही. ते समोर बसून डाव्या हाताने पोहे खायला लागले. मला माझी पाटी आठवली. त्यांनाही ती आठवत असणारच. 

मी येताना चार वाक्यं ठरवून आलो होतो. त्यांतलं एकही आलं नाही. मी विचारलं, "मशीनने परत डबल मारलं होतं का? त्या शनिवारच्या आधी?"

आणि मोजायला लागलो. या वेळी दहा झाले, वीस झाले. मुलगी दारात उभी होती.

"तीनदा," ते म्हणाले. "मंगळवारी, शुक्रवारी, अन् त्याच दिशी सकाळी एकदा. सकाळी तुमच्या हापिसाकडं निघालो बी व्हतो. मग म्हनलं, आज शनिवार हाय. आज सांगितलं तर सोमवारी फळ्यावर येतंय."



"मागल्या टायमाला ते फोटोवालं ग्रुपवरनं कुनाच्यातरी मोबाइलात आलं. हिनं घरी वाचून दावलं," त्यांनी दाराकडे मान केली. "लई हसली. तिला ठावं न्हवतं ते आपल्या बापाबद्दल हाय. मी बी हसलो."

मुलगी आत निघून गेली.

"आणि हॉस्पिटलात? तिथे 'नाही' का म्हणालात?" मी विचारलं.

"तुमाला वाचवायला न्हाई, साहेब. तसं नका समजू. म्हनलं, बोटं तर गेलीत. आता आनि कशाला हसू करून घ्यायचं."

मी माफी मागितली. त्यांनी "र्‍हाऊ द्या" म्हटलं. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत, आणि मी ते ऐकायला थांबलोही नाही.

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरसाहेबांना पत्र दिलं. पूर्वसूचना मिळाली होती, मी ती चेष्टेवारी नेली, अहवालातलं माझं वाक्य खोटं आहे. साहेबांनी ते दोनदा वाचलं. "अहो, तुमच्या रिटायरमेंटला वर्ष राहिलंय. फाइल बंद झालीये. आता हे कशाला उकरून काढताय?" मी म्हटलं, पोच द्या. त्यांनी दिली. फॅक्टरी इन्स्पेक्टरकडे जाणारी दुरुस्तीची प्रत मी स्वतः नेऊन दिली. त्यावर पुढे जे व्हायचं ते झालं, माझी बढती-बिढती काही राहिली नव्हती, त्यामुळे फार काही गेलं नाही. पण कागद दुरुस्त करणं सोपं होतं. खरा प्रश्न निराळाच होता. शॉपमध्ये बावीस मशीनं होती, बदललेल्या स्प्रिंगांनाही वर्ष होऊन गेलं होतं, प्रत्येक मशीनवर दोन हात होते, आणि त्यांतला एकही माणूस मला काही सांगणार नव्हता. पुढचा शनिवार कुठल्या मशीनवर येईल ते मला कोणाकडूनही कळणार नव्हतं.

म्हणून पुढच्या सोमवारी मी फळा पुन्हा टांगला आणि लिहिलं:

'पाच नंबरचे मशीन डबल मारते, हे ऑपरेटरने अपघाताच्या आधी मला येऊन सांगितले होते. मी याच फळ्यावर त्यांची चेष्टा केली. म्हणून त्यांनी परत सांगितले नाही. नंतर अहवालात मी खोटे लिहिले. चूक त्यांची नाही. माझी आहे.' खाली माझं पूर्ण नाव लिहिलं.

पहिली शिफ्ट आत आली. लांबून फळा दिसला, माझं अक्षर दिसलं, आणि पुढचे तिघं-चौघं हसायलाच लागले. अजून वाचलंही नव्हतं त्यांनी. दोन ओळी गेल्यावर एकेकाचं हसू थांबत गेलं, आणि मागून येणारे त्यांना विचारत होते, "काय रे, कोणाचं आहे आज?" त्या हसण्याने मला जे कळलं ते कुठल्याही कोचिंगने कळलं नसतं. इतकी वर्षं मी त्यांना हेच शिकवलं होतं. मी काहीही लिहावं, त्यांनी आधी हसावं.

ते मांजरीचे गृहस्थ आले, वाचलं, कार्ड लावलं, आणि स्टोअरकडे निघून गेले.

त्यानंतर काही झालं नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण मला वाटलं होतं काहीतरी होईल. मी रोज फिरत होतो, विचारत होतो, मोजत होतो. "सगळं ओके आहे साहेब." बाईंचं काम संपलं, त्या गेल्या. जाताना म्हणाल्या, "वेळ लागेल सर." मी म्हटलं, "मशीनला कुठे वेळ लागतो." त्या या वेळी हसल्या नाहीत.

मग एका दुपारी ते गृहस्थ माझ्या दारात आले. त्याच दारात, तसेच उंबऱ्याबाहेर.

"साहेब, स्टोअरची शिडी हालतीया."

मी मोजलं. "बरं झालं सांगितलंत," मी म्हटलं. हे शब्द माझ्या तोंडात अजूनही पाहुण्यासारखे अवघडतात.

आम्ही स्टोअरमध्ये गेलो. लोखंडी, चार-पाच पायऱ्यांची शिडी. मी हलवली. हलली नाही. जागा बदलून हलवली. वर चढलो, उतरलो, पुन्हा चढलो. वर उभा राहून अंगाला झोले दिले. शिडी जमिनीत रोवल्यासारखी. चारही पायांचे रबर तपासले, नट आवळून पाहिले. काही नाही. आणि माझ्या जिभेवर वाक्य आयतं तयार झालं, अगदी फळ्यावर लिहायच्या तोलाचं. शिडी आणि भूत त्यात दोन्ही होतं. ते वाक्य चांगलं होतं, हे मी आजही सांगतो.

मी खाली बघितलं. ते शिडीकडे बघतच नव्हते. उजवा हात खिशात घालून माझ्या तोंडाकडे बघत होते.

मी उतरलो. "मला हलताना दिसली नाही," मी म्हटलं. "पण तुम्हाला हलली. तेवढं पुरे. ही आजपासून बंद. दुसरी मागवतो."

 मग त्यांनी डाव्या हाताने शिडीचं एक टोक उचललं, मी दुसरं, आणि आम्ही ती भंगाराच्या कोपऱ्याकडे घेऊन निघालो. प्रेस शॉपच्या मधल्या वाटेवर आल्यावर ते मागे न बघता म्हणाले,

"साहेब, सा नंबरबी डबल मारतंय."

मी थांबलो. शिडी थांबली.

"त्यो गडी तुमाला सांगंना. त्याला म्हनलं, थांब. आदी मी शिडीचं सांगून बगतो, साहेब काय म्हनत्यात."

"कधीपासून?"

"आज चौथा दिस हाय."

चार दिवस. चार दिवस तो माणूस त्या साच्यात हात घालत होता, आणि मी दोन पावलांवरून जाऊन त्याला विचारत होतो, आज इथे कशाने लागू शकेल, आणि मनात मोजत होतो. त्याच्या मशीनपासून माझ्या कानापर्यंत यायला चार दिवस आणि एक धडधाकट शिडी लागली.

मी शिडी तिथेच टाकली. भर वाटेत, पिवळ्या पट्ट्यांच्या मधोमध, जिथे काहीही ठेवू नये अशी पाटी मीच एकदा लावली होती. आणि सहा नंबरकडे धावलो. या वयात धावताना मी कसा दिसतो ते मला माहीत आहे. कोणीतरी हसलंही. तो गडी पत्रा साच्यात ठेवायला हात पुढे करत होता, आणि माझ्याआधी ते गृहस्थ तिथे पोचले होते. त्यांनी उरलेल्या दोन बोटांनी लाल बटण दाबून मशीन बंद केलं.